रेडिओलॉजीतून ईडी कोडिंगमध्ये जायचंय: सहा आठवड्यांत काय आणि कोणत्या क्रमानं?

अबोली_फोंडा
नमस्कार मंडळी. मी अमेरिकन हॉस्पिटलांचं मेडिकल कोडिंग करते, म्हणजे पेशंटच्या नोंदी वाचून बिलासाठी निदानाचे आणि उपचारांचे कोड लावते. सध्या प्रोफेशनल साइडचं, म्हणजे डॉक्टरच्या बिलाचं, रेडिओलॉजी कोडिंग. एक्स-रे, सीटी, अल्ट्रासाऊंड, थोडं एमआरआय. सीपीसी, म्हणजे कोडरची मूळ परीक्षा, झालेलं आहे. चवथीच्या सुट्टीनंतर मला इमर्जन्सी डिपार्टमेंटच्या (ईडी) टीमवर घेणार आहेत. आधी प्रोफेशनल, मग त्याच क्लायंटचं फॅसिलिटी, म्हणजे हॉस्पिटलचं बिल. हातात साधारण सहा आठवडे आहेत. ऑफिसचं ट्रेनिंग होईल, पण ते भरभर उरकतं आणि रॅम्प-अप, म्हणजे सुरुवातीची सवलत, संपला की ९५ टक्के क्वालिटी धरूनच टार्गेट मोजलं जातं.

अडचण अशी की रेडिओलॉजीत ई/एम, म्हणजे डॉक्टरनं पेशंटला तपासून निर्णय घेण्याच्या कामाचं कोडिंग, कधी लागलंच नाही. परीक्षेपुरतं वाचलं होतं, तेही २०२३च्या बदलांआधीचं. प्रोसिजरही रोजच्या हाताखालच्या नाहीत. सुरुवात कुठून करू? ई/एम आधी की प्रोसिजर? रेडिओलॉजीतल्या कोणत्या सवयी ईडीत नडतात? आणि सीईडीसी, म्हणजे ईडी कोडिंगची खास परीक्षा, आत्ताच द्यावी का? काम घरूनच असतं, त्यामुळे शेजारच्या सिनिअरला विचारण्याची सोय नाही.

कुळागर
अबोलीताई, आधी ई/एम. ईडीच्या जवळजवळ प्रत्येक चार्टवर लेव्हल, म्हणजे ई/एमची पातळी, लागते, प्रोसिजर काहींवरच असते. लेव्हल डळमळीत राहिली तर रोजचे सगळेच चार्ट डळमळतात.

पहिलं काम: ई/एमचं जुनं वाचलेलं बाजूला ठेवा. हिस्टरी आणि एक्झामचे मुद्दे मोजून लेव्हल काढायची पद्धत ईडीसाठी १ जानेवारी २०२३पासून गेली. आता ९९२८२ ते ९९२८५ ठरतात ते फक्त मेडिकल डिसिजन मेकिंगवर, म्हणजे एमडीएमवर. ९९२८२ स्ट्रेटफॉरवर्ड, ९९२८३ लो, ९९२८४ मॉडरेट, ९९२८५ हाय. ९९२८१ला तर डॉक्टर समोर असण्याचीही गरज नसते. आणि ईडीत वेळेवरून लेव्हल काढता येत नाही. ऑफिस व्हिजिटला ती मुभा आहे, इथे नाही. ऑफिस व्हिजिटचे व्हिडिओ बघून शिकणारे इथेच चुकतात.

एमडीएमचे तीन भाग: प्रॉब्लेम, डेटा, रिस्क. तिन्हींपैकी दोन ज्या पातळीला पोचतात ती लेव्हल. हे वाक्य पाठ करणं सोपं आहे, चार्टवर लावणं नाही, म्हणून एकच उदाहरण नीट बघा.

घोटा मुरगळून आलेला पेशंट. अनकॉम्प्लिकेटेड इंज्युरी, म्हणजे प्रॉब्लेम लो. एक एक्स-रे सांगितला. डॉक्टरांनी ‘एक्स-रे निगेटिव्ह, रेडिओलॉजी रिपोर्टप्रमाणे’ असं लिहिलं, तर डेटात एकच टेस्ट मोजली जाते आणि डेटा मिनिमल राहतो. आयबुप्रोफेन ८०० मिलिग्रॅम लिहून दिलं, म्हणजे प्रिस्क्रिप्शन ड्रग मॅनेजमेंट, रिस्क मॉडरेट. दोन भाग जुळतात ते लोला. ९९२८३.

आता त्याच चार्टवर डॉक्टरांनी ‘फिल्म मी स्वतः पाहिली, फ्रॅक्चर दिसत नाही, जॉइंट स्पेस ठीक’ असं लिहिलं आहे. हे इंडिपेंडंट इंटरप्रिटेशन झालं, आणि तेवढ्यावर डेटा मॉडरेट होतो. डेटा मॉडरेट, रिस्क मॉडरेट. ९९२८४. पेशंट तोच, घोटा तोच, फरक एका ओळीचा. एक्स-रेचं बिल रेडिओलॉजिस्ट लावतो हे तुम्हाला रोजचं माहीत आहे, पण तपासायला विसरू नका. त्याच ईडी डॉक्टरनं त्या वाचनाचं वेगळं बिल लावलं असेल तर ते वाचन डेटात धरता येत नाही. ईसीजीचं हेच. ९३०१० हा ईसीजी वाचनाचा कोड लावला की तो ईसीजी डेटातून बाहेर.

डेटा मोजताना टेस्ट म्हणजे एक सीपीटी कोड (सीपीटी म्हणजे तपासण्या आणि उपचारांच्या कोडांचा संच). सीएमपी या रक्तचाचणीत चौदा घटक असले तरी ती एक टेस्ट. सीबीसी, सीएमपी, लायपेज या तीन झाल्या, आणि तीन झाल्या की मॉडरेट. सांगितली आणि रिझल्ट पाहिला, तरी एकदाच.

प्रॉब्लेममध्ये सगळ्यात जास्त चुका होतात त्या शेवटचं निदान बघून लेव्हल ठरवल्यानं. छातीत दुखतंय म्हणून आलेला पेशंट शेवटी ॲसिडिटी म्हणून घरी गेला. तरी डॉक्टरांना समोर जे दिसलं ते जिवाला धोका असू शकणारं लक्षण होतं, आणि त्यांनी त्या दिशेनं तपासणी केली. सीपीटीच्या गाईडलाईनमध्ये हे स्पष्ट आहे: शेवटचं निदान गंभीर निघालं नाही म्हणून प्रॉब्लेम हलका होत नाही. ट्रोपोनिन, सीबीसी, सीएमपी आणि वर कार्डिओलॉजिस्टशी बोलल्याची नोंद असेल तर डेटा एक्स्टेन्सिव्ह. प्रॉब्लेम हाय, डेटा एक्स्टेन्सिव्ह, पेशंट डिस्चार्ज झाला तरी ९९२८५.

रिस्कमध्ये दोन खुणा. शिरेतून किंवा स्नायूत दिलेलं मॉर्फिन, हायड्रोमॉर्फोन, म्हणजे पॅरेंटरल कंट्रोल्ड सबस्टन्स, हाय. किटोरोलॅक म्हणजे टोराडॉल कंट्रोल्ड नाही, ते इंजेक्शनच असलं तरी हायमध्ये धरू नका. दुसरी खूण ॲडमिशनचा निर्णय. ॲडमिट करायचा विचार झाला, कारणासकट नोंद आहे, आणि शेवटी घरी सोडलं, तरी तो निर्णय मोजला जातो.

पहिले दोन आठवडे एवढंच करा. रोज दहा-पंधरा नमुना नोट घ्या आणि कोड लिहिण्याआधी कागदावर तीन रकाने भरा: प्रॉब्लेम, डेटा, रिस्क. प्रत्येकासमोर नोटमधली नेमकी ओळ उतरवा. ओळ सापडत नसेल तर ती पातळी मिळत नाही. नंतर क्यूएनं, म्हणजे काम तपासणाऱ्यांनी, एरर टाकली की रिबटलला, म्हणजे ती खोडून काढायला, हीच ओळ लागते.

जुवारीपार
कुळागर यांनी सांगितलेला क्रम बरोबर. मी प्रोसिजर आणि क्रिटिकल केअरबद्दल लिहितो.

प्रोसिजरसाठी सीपीटीचं अख्खं सर्जरी सेक्शन उघडू नका. ईडीत पुन्हापुन्हा येणारी यादी लहान आहे: जखमेचे टाके, गळू फोडणं म्हणजे १००६० आणि १००६१, फ्रॅक्चर आणि डिसलोकेशन, स्प्लिंट, नाकातून रक्त आल्यावरचं पॅकिंग, फॉरिन बॉडी काढणं, लंबर पंक्चर, इंट्युबेशन, सेंट्रल लाईन, मॉडरेट सेडेशन, बेडसाइड अल्ट्रासाऊंड. या प्रत्येक कोडच्या वरची गाईडलाईन आणि खालच्या कंसातल्या सूचना वाचा. कोडचं वर्णन सगळेच वाचतात. चुका होतात त्या कंसातल्या ओळी न वाचल्यानं. उदाहरणार्थ १०१२० लावायचा तर चीर दिल्याची नोंद हवी. चिमट्यानं काटा उपटला म्हणून तो लागत नाही.

फ्रॅक्चरमध्ये निर्णय एकच: डॉक्टरांनी उपचार केला, की नुसतं बांधून ऑर्थोकडे पाठवलं? मनगटाचं हाड जागेवर बसवलं तर २५६०५, आणि पुढचा फॉलो-अप दुसरीकडे होणार म्हणून मॉडिफायर ५४ (मॉडिफायर म्हणजे कोडला जोडायचा खुणेचा आकडा). मग स्प्लिंट वेगळं लावायचं नाही, ते त्यातच आलं. ई/एम लागत असेल तर त्याला मॉडिफायर ५७, कारण हा ९० दिवसांच्या ग्लोबलचा कोड, म्हणजे तेवढ्या दिवसांचा फॉलो-अप त्यातच धरलेला. नुसतं शॉर्ट आर्म स्प्लिंट लावून पाठवलं तर २९१२५ आणि ई/एमला मॉडिफायर २५, म्हणजे ई/एम वेगळं होतं याची खूण. त्यातही स्प्लिंट डॉक्टरांनी स्वतः लावलं का हे बघा. हॉस्पिटलच्या टेक्निशियननं लावलं असेल तर प्रोफेशनल बिलात सहसा बसत नाही, फॅसिलिटीत बसतं.

बेडसाइड अल्ट्रासाऊंडमध्ये रेडिओलॉजीवाल्यांचा हात आधीच बसलेला असतो. ट्रॉमाच्या पेशंटचं फास्ट स्कॅन (पोटात, हृदयाभोवती रक्त साठलंय का ते पाहणं) म्हणजे ७६७०५ आणि ९३३०८, दोन्हींना मॉडिफायर २६, म्हणजे फक्त डॉक्टरचं काम. फुप्फुसं पाहिली असतील तर ७६६०४ही. पण इमेज जतन केल्याची आणि वेगळ्या वाचनाची नोंद नसेल तर काहीच नाही. ‘फास्ट निगेटिव्ह’ एवढ्या दोन शब्दांवर कोड लावला की एरर ठरलेलीच.

क्रिटिकल केअर, म्हणजे जिवावर बेतलेल्या पेशंटला दिलेला वेळ: ९९२९१ला किमान ३० मिनिटं. वेगळं बिल होणाऱ्या प्रोसिजरचा वेळ त्यातून वजा झाला पाहिजे, म्हणजे इंट्युबेशन ३१५००, सीपीआर ९२९५०, सेंट्रल लाईन ३६५५६. छातीच्या एक्स-रेचं वाचन मात्र क्रिटिकल केअरमध्येच धरलेलं आहे. पुढचा ९९२९२ सीपीटीप्रमाणे ७५व्या मिनिटाला मिळतो आणि मेडिकेअरला, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी विम्याला, १०४ मिनिटं पूर्ण व्हावी लागतात. कोणत्या पेयरला (विमा देणाऱ्याला) कोणता हिशोब हे क्लायंटच्या एसओपीत, म्हणजे लेखी नियमांत, असतं. पहिल्याच दिवशी ते पान मागून घ्या.

अबोली_फोंडा
देव बरें करूं, दोघांनाही. एक सरावाचा नमुना विचारते, खरा चार्ट नाही, मीच तयार केलाय. वय ३४, खाजगी विमा. काचेचं दार फुटून इजा. उजव्या फोरआर्मवर ४ सेंमी जखम, काचेचे बारीक तुकडे धुताना निघाले, आत ४-० व्हिक्रिल, त्वचेला ५-० नायलॉन. उजव्या हाताच्या मागच्या बाजूला २ सेंमी, एकाच थरात टाके. कपाळावर दीड सेंमी, टिश्यू ग्लू. टीडॅप (धनुर्वाताची लस) दिलं. मी टाक्यांची लांबी एकत्र करून ४ अधिक २ म्हणजे ६ सेंमी, १२००२ असं काढलं. बरोबर का? आणि निदानाला रेडिओलॉजीसारखं रिपोर्ट बघून कोड करायचं का?

सुरंगी
बेरीज कधी करायची ते आधी. दोन अटी आहेत: टाक्यांचा प्रकार एकच हवा आणि शरीराचा गट एकच हवा. तुमच्या नमुन्यात फोरआर्मला आत व्हिक्रिल, वर नायलॉन, म्हणजे दोन थर. तो इंटरमीडिएट. हाताचा सिंपल. प्रकारच वेगळा, म्हणून बेरीज नाही. फोरआर्म १२०३२, हात १२००१, कपाळ १२०११. सगळ्यात अवघड टाका आधी लिहायचा, बाकीच्यांना मॉडिफायर ५९, म्हणजे हे काम वेगळं याची खूण. पेशंट मेडिकेअरचा असता आणि कपाळाला नुसता ग्लू असता, तर तिथे १२०११ऐवजी जी०१६८ आला असता. नुसत्या चिकटपट्ट्या असत्या तर टाक्याचा कोडच नाही, ते ई/एममध्ये.

यातली खाच अशी की गट सिंपल आणि इंटरमीडिएटमध्ये सारखे नाहीत. सिंपलमध्ये हात-पाय आणि पंजे-पावलं एकाच गटात येतात, म्हणून दोन्ही जखमा सिंपल असत्या तर तुमचं ६ सेंमी आणि १२००२ अगदी बरोबर होतं. इंटरमीडिएटमध्ये पंजे आणि पावलं वेगळ्या गटात, मानेबरोबर, १२०४१पासून. दोन्ही जखमा इंटरमीडिएट असत्या तरी बेरीज झाली नसती. सीपीटीच्या पानावर या दोन ओळींवर दोन रंगांचं मार्कर फिरवा. आणखी एक: एकाच थरात टाके असले तरी जखम फार मळलेली असेल आणि बराच वेळ धुवून कचरा काढावा लागला असेल, तर ती इंटरमीडिएट होते. पण ‘सलाईननं धुतलं’ एवढ्यावर नाही.

काचेचे तुकडे धुताना निघाले त्याचा वेगळा कोड नाही. पण निदानात फरक पडतो. फोरआर्मची जखम ‘फॉरिन बॉडीसह’ या कोडात जाते, हात आणि कपाळ ‘फॉरिन बॉडीशिवाय’. बाजू उजवी, सातवं अक्षर ए (उपचार चालू असतानाची भेट). इजेचं कारण डब्ल्यू२५ची मालिका, काचेचा संपर्क. ठिकाण, कृती आणि स्टेटसचे वाय-कोड फक्त पहिल्या भेटीला, तेही नोंद असेल तरच. टीडॅपच्या लसीचा आणि टोचण्याचा कोड प्रोफेशनलवर लावू नका. लस हॉस्पिटलची, टोचणारी नर्स हॉस्पिटलची.

ई/एमला २५ लावून लेव्हल द्यायची का, हे नोटवर आहे. टेंडन आणि नस तपासणं हे टाक्यांच्या कामातच येतं. कपाळाला मार लागला म्हणून डोक्याच्या दुखापतीचा वेगळा विचार, सीटी करायचा की नाही हे लिहिलेलं असेल, तर वेगळं ई/एम उभं राहतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा हाच. रेडिओलॉजीत तुम्ही रेडिओलॉजिस्टच्या रिपोर्टवरून निदान उचलता, कारण तुमचा डॉक्टर तोच. ईडीत तुमचा डॉक्टर ईडीचा. सीटी रिपोर्टमध्ये पित्ताशयात खडे, मूत्रपिंडावर सिस्ट, फुप्फुसात गाठ असं काहीही असू दे. ईडी डॉक्टरनं त्याची दखल घेतली नसेल तर ते कोड होत नाही. रेडिओलॉजीतून आलेले कोडर इथेच जादा कोड लावतात, कारण रिपोर्ट उघडला की डोळा आपोआप इम्प्रेशनवर जातो. फ्रॅक्चर डॉक्टरांनी लिहिलेलं असेल तर हाडाची नेमकी जागा एक्स-रे रिपोर्टवरून घेता येते. पण डॉक्टरांनी ‘घोटा दुखतोय’ लिहिलं आणि रिपोर्टमध्ये फ्रॅक्चर आहे, तर क्वेरी (डॉक्टरला विचारणं) किंवा होल्ड (चार्ट थांबवणं), क्लायंटच्या नियमाप्रमाणे. स्वतःच्या मनानं फ्रॅक्चर नाही.

‘प्रॉबेबल’, ‘सस्पेक्टेड’, ‘रूल आउट’ लिहिलेलं आउटपेशंटला कोड होत नाही, लक्षण कोड करायचं. हा नियम तुम्हाला पाठ आहेच, तो इथेही तसाच. फ्रॅक्चर उघडं की बंद लिहिलं नसेल तर बंद धरायचं, सरकलेलं की नाही लिहिलं नसेल तर सरकलेलं.

म्हापसेकर
सीईडीसीबद्दल: आत्ताच द्या असं माझं मत. तारीख नक्की असली की अभ्यास पुढे ढकलला जात नाही. परीक्षा पुस्तक उघडून देता येते, ७० टक्क्यांना पास. आणि आज ज्या पुस्तकावर खुणा कराल तेच पुढे कामाला लागणार.

कुळागर
म्हापसेकर, इथे माझं मत वेगळं. सहा आठवड्यांत परीक्षेची तयारी आणि टीमची तयारी या दोन गोष्टी एकमेकींचा वेळ खातात. परीक्षेत पर्याय दिलेले असतात, चार्टमध्ये नसतात. पहिल्या तीन-चार महिन्यांत क्यूएचा जो फीडबॅक येतो, त्यावरून कुठे कच्चं आहे ते कळतं. तो पचला की परीक्षा द्यावी. शिवाय त्यांना लवकरच फॅसिलिटीही करायचंय. परीक्षेची फी आणि वेळ दोन्ही मोठं आहे, ते उगाच घाईत का घालवायचं?

म्हापसेकर
मान्य, ज्यांना रॅम्प-अपचा ताण आहे त्यांनी थांबावं. पण मग अभ्यासाची तारीख तरी भिंतीवर लिहून ठेवावी.

पाटो_पूल
फॅसिलिटीवर कोणी लिहिलं नाही म्हणून.

आपल्याकडे गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत डॉक्टरचं बिल वेगळं आणि हॉस्पिटलचं वेगळं असा प्रकार डोळ्यांसमोर नसतो, म्हणून आधी हे मनात पक्कं करा: एकाच भेटीची दोन बिलं. डॉक्टरनं विचार किती केला ते प्रोफेशनल, हॉस्पिटलनं माणसं आणि साधनं किती लावली ते फॅसिलिटी. कोड तेच ९९२८१ ते ९९२८५, पण फॅसिलिटीत एमडीएम नाही. सीएमएसनं, म्हणजे मेडिकेअर चालवणाऱ्या संस्थेनं, देशभरासाठी एकच नियम कधी केलेला नाही. प्रत्येक हॉस्पिटलचा स्वतःचा पॉइंटचा तक्ता असतो. त्यामुळे एकाच पेशंटला डॉक्टरकडून ९९२८४ आणि हॉस्पिटलकडून ९९२८३ निघालं तर ती चूक नव्हे. दोन्ही साइड करणारे लेव्हल जुळवायला जातात, तसं करू नका.

फॅसिलिटीत वेळ जातो तो इंजेक्शन आणि इन्फ्युजनवर. इथे क्रम वेळेचा नसतो, महत्त्वाचा असतो: केमो, मग औषधाचं इन्फ्युजन (थेंबथेंब), मग पुश (शिरेतून एकदम), मग इंजेक्शन, शेवटी हायड्रेशन. आधी काय दिलं याला महत्त्व नाही. एका भेटीत एका आयव्ही लाईनवर एकच ‘इनिशिअल’, म्हणजे मुख्य कोड.

हे बघा. १०:०५ला ऑन्डान्सेट्रॉन ४ मिलिग्रॅम पुश. १०:१५ ते १०:४५ सेफ्ट्रायाक्झोन १ ग्रॅम इन्फ्युजन. १०:५० ते ११:५० नॉर्मल सलाईन, डिहायड्रेशनसाठी. पुश आधी दिलाय, तरी इनिशिअल होणार इन्फ्युजन: ९६३६५. पुश होणार ९६३७५. सलाईन ९६३६१, एक युनिट. सलाईन एकटंच असतं तर ९६३६०, पण त्याला किमान ३१ मिनिटं हवीत. तेच सलाईन १०:१५ला सेफ्ट्रायाक्झोनबरोबर सुरू होऊन १०:४५ला थांबलं असतं तर काहीच मिळालं नसतं, कारण औषधाबरोबर वाहणाऱ्या सलाईनचा वेळ मोजत नाहीत.

इन्फ्युजन १५ मिनिटं किंवा कमी चाललं तर तो पुश. थांबवल्याची वेळच नसेल तर बहुतेक क्लायंट पुशच धरतात, आणि हायड्रेशनला वेळ नसेल तर ते सुटतं. म्हणून नर्सिंग नोट आणि मार शेजारीशेजारी उघडून आधी सगळ्या वेळा एका कागदावर उतरवा, कोड नंतर. मार म्हणजे औषधं दिल्याच्या वेळांची नोंद. तुम्हाला रिपोर्ट वाचायची सवय आहे, मार वाचायची नाही. शेवटचे दोन आठवडे यालाच द्या.

युनिटवर लक्ष ठेवा. ऑन्डान्सेट्रॉनचा जे२४०५ दर १ मिलिग्रॅमला, म्हणून ४ मिलिग्रॅमला ४ युनिट. सेफ्ट्रायाक्झोनचा जे०६९६ दर २५० मिलिग्रॅमला, म्हणून १ ग्रॅमला ४. औषधाचं चार्ज हॉस्पिटलच्या सिस्टीमनं आपोआप टाकलेलं असलं तरी युनिट तपासा.

सुरंगी
तारखांची एक गोष्ट राहिली. चवथीनंतर रुजू होणार म्हणजे लगेच १ ऑक्टोबरचा आयसीडी, म्हणजे निदानाच्या कोडांचा, बदल समोर येणार. नवे कोड सेवेच्या तारखेवर लागतात, तुम्ही चार्ट उघडल्याच्या तारखेवर नाही. ३० सप्टेंबरचा ईडी चार्ट ५ ऑक्टोबरला हातात आला तरी जुनाच संच. एन्कोडरमध्ये (कोड शोधायच्या सॉफ्टवेअरमध्ये) तारीख भरली का हे बघूनच शोध घ्या, नाहीतर तो आजच्या तारखेचे कोड दाखवतो. सीपीटीचं नवं पुस्तक १ जानेवारीपासून. म्हणजे आत्ता घेतलेल्या सीपीटीवर केलेल्या खुणा जानेवारीत नव्यावर उतरवाव्या लागतील, त्या मोजक्याच ठेवा.

आयसीडीच्या गाईडलाईन आणि एनसीसीआयचं, म्हणजे कोणते कोड एकत्र लागत नाहीत त्याचं, मॅन्युअल सीएमएसच्या साइटवर फुकट आहेत. सीपीटी मात्र विकतच घ्यावं लागतं. पीडीएफच्या चोरट्या प्रती फिरतात, त्यात बहुतेक जुन्या वर्षाच्या असतात आणि २०२३आधीचं ई/एम त्यातूनच डोक्यात बसतं.

जुवारीपार
घरून काम आहे म्हणून दोन गोष्टी. पावसात वीज गेली की ईडीचा अर्धा वाचलेला चार्ट रेडिओलॉजीपेक्षा जास्त महागात पडतो. रिपोर्ट पुन्हा वाचायला मिनिट लागतं, ईडीचा चार्ट पुन्हा पहिल्यापासून. इन्व्हर्टरवर राऊटरही घ्या, नुसता लॅपटॉप नको. दुसरं, अडलेला चार्ट फोटो काढून ग्रुपवर टाकायचा मोह होतो. नाव खोडलं तरी तारीख, वय, गाव, इजेची हकीकत यावरून पेशंट ओळखता येतो. प्रश्न शब्दांत विचारा, जसा वर विचारलात तसा, आकडे बदलून. घरात माणसं असतील तर स्क्रीन भिंतीकडे पाठ करून नको, माणसांकडे पाठ करून ठेवा. शांतता हवी असेल तर पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत बसून गाईडलाईन वाचा, क्लायंटचे चार्ट मात्र तिथे कधीच उघडू नका.

पहिल्या महिन्यात क्यूएच्या एररची वही ठेवा, पण कोडप्रमाणे नाही, कारणाप्रमाणे: नोट नीट वाचली नाही, नियम माहीत नव्हता, क्लायंटचा नियम वेगळा होता, टाईप करताना चुकलं. चारही कारणांवर उपाय वेगळा आहे. नियम माहीत नसेल तर पुस्तक. नोट वाचली नसेल तर पुस्तक कितीही वाचून उपयोग नाही, वाचायचा क्रम बदलावा लागतो: आधी ट्रायाज, मग डॉक्टरची नोट, मग ऑर्डर, मग प्रोसिजर नोट, मग डिस्पोझिशन (घरी सोडलं की ॲडमिट केलं). रेडिओलॉजी रिपोर्ट सगळ्यात शेवटी.

अबोली_फोंडा
खूपच मोलाचं लिहिलंत सगळ्यांनी. रकान्यांचा सराव आजपासून सुरू करते, परीक्षा पुढच्या वर्षी. पाटो_पूल, एक शेवटचं: एकच औषध परत परत पुश केलं तर? १४:१०, १४:३५ आणि १४:५०ला मॉर्फिन ४ मिलिग्रॅम, तिन्ही आयव्ही. ३० मिनिटांचा नियम वाचला, पण दुसरा आणि तिसरा दोन्ही आधीच्यापेक्षा ३० मिनिटांच्या आतच आहेत. मग दोन्ही सोडायचे?

पाटो_पूल
नाही, तिसरा मिळतो. ९६३७६ खालची कंसातली सूचना पुन्हा वाचा. ३० मिनिटं मोजायची ती त्याच औषधाच्या ‘रिपोर्ट केलेल्या’ पुशपासून, नुसत्या आधीच्या पुशपासून नाही. १४:१० इनिशिअल, ९६३७४. १४:३५ला पंचवीस मिनिटंच झाली, तो रिपोर्ट होत नाही. १४:५० हा १४:१०पासून चाळीस मिनिटांवर, म्हणून ९६३७६ एक युनिट. औषधाचं युनिट मात्र तिन्ही डोसांचं जातं, पुश रिपोर्ट झाला नाही म्हणून दिलेलं औषध कमी होत नाही. ९६३७६ फक्त फॅसिलिटीचा कोड आहे, प्रोफेशनलवर लावू नका. आणि तेच मॉर्फिन प्रोफेशनल साइडला बघाल तेव्हा पुश मोजू नका, फक्त रिस्कच्या रकान्यात हाय लिहा.